वापरलेली दुपार

राष्ट्राध्यक्षांनी देशाच्या सगळ्या दुपारी विकल्या, त्याला बरीच वर्षं झाली, आणि तेव्हापासून उंबरठाण्यात बारा वाजले की लगेच संध्याकाळ होते.

होते म्हणजे होतेच. सूर्य डोक्यावर येतो, ग्रामपंचायतीचा भोंगा वाजतो, आणि भोंग्याचा आवाज विरायच्या आत उन्हं तिरपी झालेली असतात. गुरं माघारी वळतात, कोंबड्या खुराड्यात शिरतात. खरकटं ताट उचलायच्या आधी दिवा लावायची वेळ होते. नव्या पोरांना त्यात काही वाटत नाही. दुपार म्हणजे काय हे त्यांना म्हाताऱ्यांकडूनच ऐकावं लागतं, आणि म्हाताऱ्यांचं ऐकतंय कोण.

दुपारी विकायची पाळी का आली, हे सांगायला शाळा शिकावी लागत नाही. तिजोरी रिकामी झाली होती. राष्ट्राध्यक्षांनी राजधानीत स्वतःच्या नावाचा पूल बांधला. खाली नदी नव्हती, म्हणून नदी खणली. नदीला पाणी नव्हतं, म्हणून पाणी बाहेरच्या देशातून मागवलं. पाणी आलं तेव्हा पूल वाहून गेला, आणि तो वाहून गेल्याचा सोहळा झाला त्याचा खर्च वेगळा. मग एक थंड मुलूख गिऱ्हाईक म्हणून आला. तिथं उजेडाची कायमची मारामार. त्यांनी दुपारी मागितल्या, यांनी दिल्या. रेडिओवर भाषण झालं. दुपार हा देशाचा आळस आहे, म्हणाले, आणि ज्या देशाला आपला आळससुद्धा विकता येतो त्याला कोण अडवणार. लोकांनी फटाके वाजवले. उंबरठाण्यातही वाजवले. शाळेच्या पटांगणात केरबा घोलप एकटाच ओरडला, "मुडद्यांनो, फटाके कसले लावताय, ऊन कुठं गेलं ते बघा!" त्याला दोघांनी धरून फाटकाबाहेर नेऊन सोडलं.

पुढं राष्ट्राध्यक्ष पडले. पडले म्हणजे निवडणुकीत. त्यांना स्वतःला काही लागलं नाही. ते आता त्या थंड मुलखातच राहतात आणि जेवण झालं की आपल्याच दुपारीत पाय पसरून पडतात.

केरबा बाजा विणायचा. लाकडी चौकटीवर सुंभाची वीण घालायची आणि अशी ताणून बांधायची की टाकलेला पैसा उडाला पाहिजे. दुपारी गेल्यावर बाजा कोण घेणार? रात्री माणूस घरात जमिनीवर झोपतो. बाज म्हणजे झाडाखाली टाकायची चीज. धंदा बसला. पण केरबाच्या रागाचं मूळ धंद्यात नव्हतं. ते गजराबाईत होतं.

गजराबाई त्याची बायको. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची सकाळ घराची होती आणि संध्याकाळ घराची. मधली दुपार तेवढी तिची स्वतःची. भांडी पालथी घातली की ती दारच्या लिंबाखाली बाजेवर पडायची, पदर तोंडावर ओढून घ्यायची आणि मग कुणीही हाक मारो, ओ द्यायची नाही. केरबानंही तेव्हा कधी हाक मारली नव्हती. तेवढी एक रीत त्या घरात पाळली जायची. दुपारी विकल्या गेल्या आणि दोन कामांच्या मधली ती फट बुजली. तेव्हापासून गजराबाई दिवसाउजेडी आडवी झालेली नव्हती. पाय सुजून खांबासारखे झाले. बोलणंही कमी झालं. तालुक्याच्या डॉक्टरनं पाय दाबून पाहिले आणि सांगितलं, "आजी, दुपारच्या जरा पडत जा."

"कुठल्या दुपारच्या?" केरबा म्हणाला. "तुमच्या बापानं ठिवलीय व्हय एखादी?"

डॉक्टरनं मग गोळ्या दिल्या.

नव्या सरकारनं तालुक्याला दुपार परतावा कार्यालय काढलं होतं. केरबा तिथं गेला. खुर्चीत वरखेडकर नावाचे अधिकारी होते. माणूस वाईट नव्हता. पाणी विचारलं, बसायला सांगितलं. वाईट असता तर केरबाला सोपं गेलं असतं.

"बोला, आजोबा."

"आजोबा तुझ्या घरी. आमची दुपार कधी देताय ते सांग."

"देश सावरतोय. थोडा धीर धरा."

"सावरतोय म्हंजे? पडलाय कुठं ते दाखव, मी हात देतो."

वरखेडकरांनी चष्मा पुसला. "हे बघा, दोन समित्या बसल्या होत्या. पहिली म्हणाली, देश सावरायला एक पिढी लागेल. दुसरी म्हणाली, पहिलीनं उत्तर द्यायची घाई केली."

"पिढी कुठली? माझी का नातवाची?"

"ते समितीनं स्पष्ट केलेलं नाही."

"आन् इकायला किती येळ लागला हुता?"

"सही एका सकाळी झाली," वरखेडकर म्हणाले.

"सकाळीच केली. दुपारच्याला ठेवली आसती तर हरामखोराला झोप तरी लागली आसती."

वरखेडकरांनी हे ऐकून घेतलं. मग त्यांनी दाराकडं एकदा पाहिलं आणि समजावून सांगितलं. तो मुलूख दुपारी परत करतोय, पण थोड्या थोड्या. नव्या करकरीत दुपारी ते ठेवून घेतात, वापरलेल्या देतात. आलेल्या दुपारी गावोगाव फिरवाव्या लागतात. एक गाव एक दिवस. संध्याकाळी गुंडाळायची आणि पुढच्या गावाला धाडायची. येत्या बुधवारी उंबरठाण्याची पाळी होती.

"पुन्हा कधी?"

"सगळी गावं झाली की."

"ती दुपार आमचीच आसंल ना? उंबरठाण्याची?"

"ते सांगता येत नाही. गठ्ठ्यात सगळ्या एकत्र झाल्यात."

केरबा घरी आला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "गजरे, बुधवारी दुपार येतीया."

गजराबाई जोंधळे पाखडत होती. "मग मी काय करू तिचं?"

"पडायचं."

"आन् मग?"

"मग काय न्हाई. पडायचं. झोपायचं."

तिनं सूप खाली ठेवलं, थोडा वेळ त्याच्याकडं बघितलं आणि परत उचललं. "बघू," म्हणाली.

केरबानं माळ्यावरची बाज खाली काढली. उंदरांनी वीण खाल्ली होती. त्यानं जुना सुंभ उसवून टाकला, नवा आणला, आणि बोटं सोलपटेपर्यंत ताणून विणली.

सोमवारी ग्रामसभा झाली. सरपंच बबनराव ढमढेरे म्हणजे पोटानं पुढं आणि बुद्धीनं मागं असला गडी. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मंडळी, आपल्या गावाला एक दुपार मंजूर झालीय. आता खरं सांगा, एक दुपार घेऊन आपण करणार काय? पडून राहणार. त्यापेक्षा शेजारचा कौलांचा कारखाना ती भाड्यानं मागतोय. त्यांची कौलं वाळतील, गावाला चार पैसे मिळतील."

सभेत माना हलायला लागल्या. केरबाला ते बघवलं नाही.

"पडूनच राहायचं आसतं रे, भाड्या! दुपार त्याच्यासाठीच आसती!" तो ओरडला. "तो राष्ट्राध्यक्ष गेला, पण जाताना त्याचं तोंड ह्या बबनच्या तोंडात ठिवून गेला. ऐकताय काय, माना कसल्या हलवताय? परत इकताय? अजून ती गावात आली न्हाई, तवर इकताय?"

"आण्णा, शांत व्हा. भाडं म्हणजे विकणं नव्हे."

"त्यो पण आसंच म्हणला हुता!"

गोंधळ झाला. शेवटी भाड्याचं मागं पडलं. पण दुपार नुसतीच येऊन नुसतीच जाणार, हेही सभेला पटेना. एवढी मोठी गोष्ट येतेय आणि तिचा सत्कार नाही? मग ठरलं की मंत्रिसाहेबांना बोलवायचं, मांडव घालायचा, गुंडाळीला फीत बांधायची आणि ती साहेबांच्या हातून कापायची. साहेब खूश झाले तर पुढची दुपारही लवकर मिळेल. मांडव गावाच्या मधोमध, आणि स्वयंपाक मांडवामागं. पुरी, शिरा, बटाट्याची भाजी. प्रत्येक घरातून एक बाई.

"आमच्या घरातनं कोण न्हाई," केरबा म्हणाला.

पण घरी गजराबाईनं पोळपाट आधीच धुवून ठेवला होता. "सगळ्याच चालल्यात, आवो. मी एकटी कशी पडू? लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या पायाला सूज हाय का?"

"हाय की," ती म्हणाली. "तुम्ही कधी बघितलीत?"



बुधवारी सकाळी टेम्पो आला. मागं ताडपत्री, ताडपत्रीखाली दुपारीची गुंडाळी. लग्नातल्या सतरंजीएवढी लांब आणि हात लावला तर चटका बसेल अशी गरम. चार हमालांनी ती गोणपाटात धरून मांडवापुढं ठेवली. बबनरावांनी लाल फीत बांधली, मध्ये फुलाची गाठ. वरखेडकरही आले होते, साधा शर्ट घालून, एका कडेला उभे.

मंत्री आले नाहीत. वाटेत दुसऱ्या एका गावाच्या दुपारीचं उद्घाटन लांबलं होतं. बबनराव माइकवर गेले आणि साहेब निघालेत असं म्हणाले. मग साहेब पोचतच आहेत असं म्हणाले. मग मुलींनी स्वागतगीत म्हटलं, ते संपलं म्हणून परत म्हटलं. सूर्य डोक्यावर आला. भोंगेवाला भोंग्यापाशी जाऊन उभा राहिला.

वरखेडकर बबनरावांजवळ येऊन हळू म्हणाले, "भोंग्याच्या आत सोडावी लागेल. संध्याकाळ एकदा झाली की दुपार घालता येत नाही. मग मला ती परत न्यावी लागेल."

"फीत साहेबच कापणार."

"साहेब आलेले नाहीत."

"मग कशी कापणार?" बबनराव म्हणाले. हा त्यांना बिनतोड मुद्दा वाटला.

केरबानं कमरेची सुंभ कापायची सुरी काढली, मांडवातून सरळ चालत आला आणि फीत कापली. फुलाची गाठ बबनरावांच्या पायाशी पडली. भोंगा वाजला, आणि गुंडाळी आपोआप उलगडत गेली. मांडवाखालून, गल्ल्यांतून, गोठ्यांवरून, थेट वेशीपर्यंत.

दुपार झाली.

सावल्या पायाखाली गोळा झाल्या. कुत्री होती तिथं आडवी झाली. लांबवर एक कावळा ओरडला, आणि त्यानंतर जो शांतपणा पसरला तो ऐकून म्हातारी माणसं रडायला लागली. पोरांनी विचारलं, काय झालं? त्यांना कुणी काही सांगितलं नाही.

पण केरबानं नाक वर केलं. वास ओळखीचा नव्हता. भारी अत्तर, परदेशी तंबाखू. आणि मांडवातल्या खुर्च्या हलत होत्या. एकेक खुर्ची कुरकुर करत व्यासपीठाकडं सरकत होती. एक कळशी गल्लीतून गडगडत आली आणि तीही तिकडंच गेली. केरबा खाली वाकला, पंजानं दुपार दाबून पाहिली. जन्मभर त्यानं बाजा अशाच दाबून पाहिल्या होत्या.

"मधी झोळ पडलाय," तो म्हणाला. "जड माणूस लई दिवस झोपलाय हिच्यावर. कोण?"

वरखेडकरांनी इकडं तिकडं बघितलं.

"कोण, ते इचारतोय."

"वास तुम्हाला आला, मलाही आला," वरखेडकर म्हणाले. "त्यांचं नाव घ्यायची आम्हाला परवानगी नाही."

केरबा जमिनीवर थुंकला. मग विचारलं, "झोळ भरून कधी येतो?"

"माणूस उठला की हळूहळू वर येतो. पण ते उठलेले नाहीत. एक दुपार खालून काढून घेतली की ते कूस बदलून दुसरीवर जातात." वरखेडकरांनी आवाज आणखी खाली आणला. "एक ऐका. मधल्या भागातली झोप त्यांनी संपवली आहे. तिथं कुणाचा डोळा लागायचा नाही. थोडी शिल्लक असते ती कडेला."

ते खरंच होतं. वेशीजवळचा न्हावी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत घोरत होता, त्याच्यापुढं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं घोरत होतं. गावाच्या कडेची घरंच्या घरं आडवी झाली होती. आणि मधोमध, खोलात, व्यासपीठावर बबनराव टक्क जागे होते. त्यांचं भाषण चालू झालं होतं. झोप येत नाही म्हटल्यावर दुसरं करणार काय?

स्वयंपाक मांडवामागं होता, म्हणजे खोलातच. बायका घामानं निथळत होत्या. कढईत पुऱ्या फुगत होत्या. गजराबाई उकिडवी बसून लाटत होती, सुजलेले पाय अंगाखाली घेऊन.

"ऊठ," केरबा म्हणाला.

"कणीक राहिलीय निम्मी."

"ऊठ म्हणतो ना. दुपार चाललीय."

"आवो, मंत्र्यांना वाढायचं काय?"

केरबानं चुलीतली लाकडं ओढली आणि त्यांच्यावर कळशीभर पाणी ओतलं. धूर झाला. बायका ओरडल्या, एकीनं त्याच्या सात पिढ्या काढल्या. केरबानं तिला उलट शिवी दिली नाही. तो एवढंच म्हणाला, "कडंला जाऊन पडा गं. हितं झोप न्हाई. त्या रांडेच्यानं खाल्लीय सगळी." मग गजराबाईच्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि तिला धरून चढ चढायला लागला. काही वेळानं मागं पावलं वाजली. बायका येत होत्या.  ज्या त्या आपापल्या कडेकडं निघाल्या.

केरबाचं घर वेशीजवळ होतं. लिंबाखाली बाज टाकलेली होती. गजराबाई तिच्यावर बसली, मग कशीबशी आडवी झाली, आणि बाज घसरायला लागली. लिंबाखालून अंगणात, अंगणातून उताराला, गावाच्या मध्याकडं.

केरबा धावला. खालच्या बाजूला जाऊन तो जमिनीवर बसला, पाठ बाजेच्या कडेच्या लाकडाला लावली आणि दोन्ही टाचा अंगणाच्या कडेच्या दगडाला रोवल्या. बाज थांबली. वय झालेल्या माणसाच्या पाठीला ते सोसणारं नव्हतं, पण थांबली.

"लागली का झोप?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"कशी लागंल? तुम्ही इचारताय."

 त्यानं मान वळवून बघितलं तर तिचे डोळे उघडेच होते. तोंडावर पदर घ्यायचा असतो हे ती विसरली होती. आणि तिचे हात चालू होते. पोटावर, हवेत, पुऱ्या लाटत होते. गोल, गोल, गोल. तिला ते ठाऊक नव्हतं. केरबाला त्या हातांकडं बघून दुपारीवर झोपलेल्या त्या माणसाचा असा संताप आला की त्याला तिथं आणून, एकेक पुरी मोजून तोंडात कोंबावीशी वाटली. पण पाठ काढता येत नव्हती. त्यानं एक हात मागं नेला आणि पदर तिच्या तोंडावर ओढला.

हात चालूच राहिले. मग सावकाश झाले. मग एक थांबला. पुष्कळ वेळानं दुसरा.

त्याच सुमाराला मंत्र्यांची गाडी आली. हॉर्न, धूळ, मागं आणखी गाड्या. मांडव रिकामा, चूल विझलेली, म्हणून बबनराव साहेबांना घेऊन चढ चढून जागं माणूस शोधत आले.

"आण्णा, उठा! साहेब आलेत!"

"हळू बोल," केरबा म्हणाला.

मंत्री पांढऱ्या कपड्यात होते. हात जोडून म्हणाले, "काय आजोबा, मिळाली ना दुपार?"

"वापरलेली हाय. मधी झोळ हाय."

"देश सावरतोय."

"मग बसा की खाली. हितं पाठ लावा. माझी मोडाय आलीय."

मंत्र्यांनी जमिनीकडं बघितलं, आपल्या धोतराकडं बघितलं, आणि पुढच्या गावाला उशीर होतोय असं म्हणाले. गाड्या गेल्या. बबनराव त्यांना पोचवायला धावले. वरखेडकर मागं राहिले होते. त्यांनी चपला काढल्या, केरबाच्या शेजारी येऊन बसले आणि आपली पाठ बाजेला लावली. 

वेळ झाली तसे हमाल दुपार गुंडाळायला लागले. खोलापासून सुरुवात करून ते कडेकडं येत होते. जिथून गुंडाळी पुढं सरकली तिथं मागं संध्याकाळ होत होती. न्हावी उठला, दाढी पुरी केली. बायका उठल्या, केस बांधले. गुंडाळी ढकलत हमाल लिंबापाशी आले आणि थांबले.

"आजोबा, पाय उचला."

केरबानं पाय उचलले नाहीत.

"बाजेखालची तेवढी राहिलीय. पुढचं गाव वाट बघतंय."

"त्यांना म्हणावं, आमचं माणूस सावरतंय. थोडा धीर धरा."

हमालानं वरखेडकरांकडं बघितलं. वरखेडकर बाजेला टेकून समोर बघत होते. तेही उठले नाहीत.

"किती वेळ लागंल?" हमालानं विचारलं.

"समिती बसवा," केरबा म्हणाला.

हमाल गुंडाळीवर बसून राहिले. त्यातल्या एकानं बिडी पेटवली. गावात दिवे लागले, गुरं गोठ्यात गेली, चुलीचा धूर कौलांवर आला. बाजेखाली ऊन होतं.